सपाट डब्यावरची साखळी

माझा छंद सांगितला की लोक दोनच प्रश्न विचारतात. गाडी चालते का? आणि नातवंडांसाठी करता का? गाडी चालत नाही, आणि मी ज्या दिवसांबद्दल लिहितोय तेव्हा नातवंड नव्हतं. खरं म्हणजे मी गाडी करतच नाही. इंजिन नाही, रूळ नाहीत, स्टेशन नाही. मी फक्त माल करतो. मालगाडीला बिनभिंतींचे सपाट डबे असतात, नुसती फळी आणि खाली चाकं. त्यांची वीतभर लांबीची प्रतिकृती तयार मिळते. तिच्यावर लादायचा माल मी हाताने घडवतो. पाइप, पोलादी पत्र्याच्या गुंडाळ्या, ओंडके, ट्रॅक्टर, एकदा एक बॉयलर. सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. खरा एक फूट म्हणजे माझ्या टेबलावर साडेतीन मिलिमीटर.

हे ऐकून समोरचा माणूस "अरे वा" म्हणतो आणि विषय बदलतो. बदलू दे. माझी पस्तीस वर्षं खोपोलीच्या एका कारखान्यात डिस्पॅच खात्यात गेली. ट्रेलरवर माल कसा चढवायचा, कुठे ठोकळा द्यायचा, कुठे साखळी आवळायची, हे बघणं माझं काम. गेटबाहेर जाणाऱ्या प्रत्येक गाडीभोवती मी फेरी मारायचो आणि साखळीला हात लावून बघायचो. सैल लागली की बांधणाऱ्याची सगळ्यांसमोर हजेरी घ्यायचो. कारण विचारायचो नाही. माझ्या मागे मला काय म्हणत ते मला ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, त्याचा मला थोडा अभिमानही होता.

निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहिले. शिळफाट्याजवळच्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर गॅलरीला लागून एक खोली आहे, तिथे टेबल मांडलं. या कामात एक नियम मी स्वतःला घालून घेतला होता, दुसऱ्या कोणी नाही. मालातला एकही तुकडा विकत आणायचा नाही. घरात, रस्त्यावर, भंगारात जे मिळेल त्यातूनच करायचं. संपलेल्या बॉलपेनच्या रिफिली कापल्या की पाइप होतात. आगकाड्या चहाच्या पाण्यात भिजवल्या की रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर. लग्नपत्रिकेचा जाड कागद, औषधाच्या गोळ्यांचं पाकीट, दाढीच्या ब्लेडचं वेष्टण, सगळ्याला माझ्याकडे काम असायचं. घरात काही हरवलं की बायको आधी माझ्या टेबलाकडे बघायची. तिच्या केसांच्या काळ्या पिना क्रेनच्या आकड्याला गेल्या, ब्लाउजची हुकं डब्याच्या कडांना गेली. ती म्हणायची, "मला एक दिवस झोपेत उचलून त्या डब्यावर ठेवाल, आणि वरून ताडपत्री घालाल." आम्ही दोघं हसायचो.

गेल्या दिवाळीनंतर मी ट्रान्सफॉर्मर करायला घेतला. कर्जतला एका शाळेच्या सभागृहात छंदांचं प्रदर्शन भरणार होतं. कुणाची नाणी, कुणाचे बोन्साय, कुणाच्या रांगोळ्या, आणि एका टेबलावर मी. ट्रान्सफॉर्मर मला लहानपणापासून आवडतो. कर्जत स्टेशनात घाट चढण्याआधी मालगाड्या थांबतात, मागे जोर द्यायला जादा इंजिनं लागतात. तेवढ्या वेळात मी प्लॅटफॉर्मवरून डब्यांवरचा माल बघत उभा राहायचो. एकदा असाच एक अवाढव्य ट्रान्सफॉर्मर समोर येऊन थांबला होता. चारी बाजूंनी साखळ्या, आणि एकही लोंबत नव्हती.

अंग लाकडाच्या ठोकळ्याचं केलं. बाहेरचे थंड करणारे उभे पट्टे लग्नपत्रिकांचे, दोन्ही बाजूंना मिळून एकशे चार. वरचे चिनीमातीचे खांब एकावर एक मणी ओवून. राखाडी रंगाचे तीन हात. महिनाभर रोज दुपारी जेवण झालं की मी भिंग डोळ्याला लावून बसायचो. सगळं मनासारखं झालं आणि साखळीपाशी घोडं अडलं. दोऱ्याला पीळ दिला तर तो दोराच दिसतो. तार वळवली तर तारच दिसते. साखळीला कडी हवी, कडीत कडी हवी, आणि ती दीड मिलिमीटरहून मोठी नको. आठ दिवस मी घरात उपास धरल्यासारखा फिरत होतो.

आमच्या बेडरूममध्ये कपाटाच्या तळाशी बटणांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात तुटकी बटणं, गंजलेल्या सेफ्टीपिना, शिवणयंत्राच्या सुया, निकामी किल्ल्या. त्या डब्यात मी कितीतरी वेळा हात घातला होता. त्या दिवशी मात्र तो सगळा वर्तमानपत्रावर ओतला, आणि तळाच्या कागदाखालून एक बारीक साखळी निघाली. पार काळी पडलेली, एका ठिकाणी तुटलेली, एका टोकाला नागमोडी आकडा. मला तर ती बघून नाचावंसं वाटलं. नेमकी दीड मिलिमीटरची कडी. रंगसुद्धा द्यायला नको, इतकी सुरेख काजळलेली. कुठल्यातरी खोट्या दागिन्याचा तुकडा असेल असं धरून चाललो. बायको भाजीला गेली होती. तिला विचारावं असं मनातही आलं नाही, कारण भंगाराचं विचारायचं काय?

कात्रीने बारा तुकडे केले. बारा साखळ्या चारी बाजूंनी आवळून बसवल्या. नागमोडी आकडा साखळी ताणायच्या खटक्यासारखा दिसत होता, म्हणून तो पुढच्या बाजूला, लगेच नजरेत भरेल असा लावला. टेबलावर चार-दोन कड्या सांडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या एका बाटलीच्या झाकणात गोळा करून ठेवलेल्या दिसल्या. आमच्याकडे कामाला येणारी बाई टेबल पुसताना माझी एकही कपची टाकायची नाही, झाकणात भरून बाजूला ठेवायची. डोंगराखालच्या वाडीवरून ती रोज चालत यायची. आमच्या इमारतीत तीन घरांची कामं धरली होती, आमच्याकडे सहा वर्षं होती.

पौष लागला आणि मुलीला सातवा महिना लागला. ती पुण्याला असते. बायकोने बाळाच्या गोष्टी काढायला घेतल्या, झबली, दुपटी, कुंची. एका सकाळी ती बेडरूममधून बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तो बटणांचा डबा होता.

"यातला करदोटा कुठे गेला?"

"कसला करदोटा?" मी खरोखरच विचारलं.

मग तिने सांगितलं. आमची मुलगी झाली तेव्हा बायकोच्या आईने चांदीचा करदोटा केला होता, बाळाच्या कमरेला बांधायला. सासूबाई वीटभट्टीवर कामाला जायच्या. आयुष्यात त्यांनी लेकीला दिलेली चांदीची वस्तू एवढी एकच. मुलगी मोठी झाल्यावर बायकोने तो जपून ठेवला, आणि जपून म्हणजे कुठे, तर बटणांच्या डब्यात, कागदाखाली. चोर आला तर कपाट फोडेल, बटणं कोण चाळत बसेल, असा तिचा हिशोब. हे तिला तिच्या आईनेच शिकवलं होतं. त्यांच्या घरात कुलूपबंद असं काहीच नव्हतं, त्यामुळे किमती गोष्ट भंगारात दडवायची रीत.

"काळा पडला होता," ती म्हणाली, "पण उजळला असता. टोकाला नागमोडी आकडा होता."

आकडा म्हटल्यावर मला सगळं कळलं. ट्रान्सफॉर्मर आतल्या खोलीत, दहा पावलांवर होता. तेव्हा सांगितलं असतं तर ती रडली असती, चिडली असती, आठवडाभर बोलली नसती. तेवढ्यावर सुटलो असतो. चूक होती, अजाणता झालेली. मी म्हणालो, "इथेच असेल. शोधू या."

आणि मी शोधलं. हे लिहिताना कान तापतात, पण मी शोधलं. बॅटरी घेऊन पलंगाखाली वाकलो. कपाट भिंतीपासून सरकवलं. गाद्या उचलल्या. बायको म्हणाली, "अहो, कंबर सांभाळा." मी म्हणालो, "त्याचं काय एवढं."

का नाही सांगितलं? तिच्या चेहऱ्याची भीती वाटली, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते अर्धंच खरं आहे. दुसरं अर्धं असं की प्रदर्शन तीन आठवड्यांवर आलं होतं आणि त्या साखळ्या काढल्या असत्या तर ट्रान्सफॉर्मर उघडाबोडका दिसला असता. पासष्ट वर्षांचा माणूस मी, आणि मला ते टेबल, ते लोक, ते "अरे वा" हवं होतं.

दुपारी थकून बसल्यावर बायकोने हळूच विचारलं, "बाईने तर नसेल ना उचलला? पण ती तशी नाही हो."

"तशी नाही" एवढ्यावर मी मान हलवली असती तरी तो विषय तिथेच मिटला असता. मी म्हणालो, "कुणाचं काय सांगता येतं?"

चार शब्द. कारखान्यात एखाद्याला रागाच्या भरात मी याहून वाईट बोललो असेन, पण ते तोंडावर. हे मी सोफ्यावर बसून, चहाचा कप हातात धरून, अगदी शांतपणे बोललो.

दुसऱ्या दिवशी बायकोने बाईला विचारलं. आरोप केला नाही, तसा तिचा स्वभाव नाही. "हा डबा तू कधी हलवला होतास का गं? यात माझ्या आईचा करदोटा होता."

बाई ओट्यापाशी भांडी घासत होती. तिने हात धुतले, पदराला पुसले. "नाय ताई. मी डब्याला हात नाय लावला."

"बरं," बायको म्हणाली. पण त्या दिवसापासून बेडरूमच्या कपाटाला कुलूप लागलं. बाई झाडायला आत गेली की बायको काहीतरी काम काढून मागोमाग जायची. खालच्या मजल्यावरच्या बाईंना तिने करदोटा हरवल्याचं सांगितलं, नुसतं मन हलकं करायला. त्यांनी वरच्यांना सांगितलं. आपल्याकडे हे कसं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. घरात वाडीवरची बाई कामाला असली की हरवलेल्या वस्तूचा पत्ता शोधावा लागत नाही. आठवडा संपायच्या आत त्या दोन्ही घरांनी तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. आमच्याकडे ती त्यानंतरही आली आणि मग एके दिवशी यायची थांबली. बायको म्हणाली, "बघा, थांबली. काही मनात नसतं तर थांबली असती का?" आणि मी आतल्या खोलीत जाऊन स्लीपरांना रंगाचा आणखी एक हात दिला.

प्रदर्शनाला आम्ही गाडी करून गेलो. रिक्षात माल हलतो. बायको छान साडी नेसली होती. माझ्या टेबलावर सात डबे ओळीने, मध्ये ट्रान्सफॉर्मर, शेजारी बघायला भिंग. शेजारच्या टेबलावर बोन्साय होते, पण सांगायला हरकत नाही, गर्दी माझ्याकडे होती. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. त्यांनी भिंग घेतलं आणि एकेक साखळी निरखली. मग म्हणाले, "बांधणी अगदी खरी आहे हो. ही साखळी आणलीत कुठून?"

या प्रश्नाचं उत्तर मी महिनाभर मनात घोळवून तयार ठेवलं होतं, आणि सवयीने ते तोंडातून गेलं. "विकत काही नाही. घरातल्या भंगारातली."

बायको माझ्या उजव्या हाताला उभी होती. गृहस्थांनी भिंग खाली ठेवलं, तिने ते उचललं. इतक्या वर्षांत तिने माझं काम भिंगातून कधी पाहिलं नव्हतं. ती वाकली. पुढच्या बाजूचा आकडा तिच्या अगदी समोर होता. ती वाकलेलीच राहिली. गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "वहिनी, तुम्हाला अभिमान वाटत असेल."

"हो," ती म्हणाली. भिंग होतं तिथे नीट ठेवलं आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बाकावर बसली. प्रदर्शन संपेपर्यंत आत आली नाही. मी टेबल सोडून तिच्याकडे गेलो नाही, कारण लोक येत होते. हेही लिहून ठेवतो.

परतताना डब्यांचं खोकं माझ्या मांडीवर होतं. पळसदरी मागे पडली तेव्हा तिने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"तू आकडा म्हणालीस तेव्हा."

"म्हणजे पलंगाखाली वाकलात तेव्हा माहीत होतं."

"हो."

"आणि 'कुणाचं काय सांगता येतं' म्हणालात, तेव्हाही."

ड्रायव्हर पुढे होता. मी काचेतून बाहेर बघत "हो" म्हणालो.  घरी आल्यावर मी चिमट्याने बाराही तुकडे सोडवले, गोंद ओरबाडला आणि कागदावर तिच्यासमोर ठेवले. तिने ते मोजले नाहीत, जोडूनही बघितले नाहीत. एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी वाडीवर जायचं. तुम्हीही."

डांबरी रस्ता संपतो तिथपर्यंत रिक्षा केली, पुढे चालत गेलो. सहा वर्षं ही बाई आमच्या घरी येत होती आणि तिचं घर कुठलं ते आम्हाला वाटेत तीन जणांना विचारावं लागलं. ती अंगणात तूर झोडपत होती. आम्हाला बघून काठी बाजूला ठेवली आणि खाट ओढली. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

"करदोटा सापडला गं," बायको उभ्यानेच म्हणाली. "आमच्याच घरात होता. यांनी त्या गाडीच्या मालाला लावला होता. मी तुझ्यावर संशय घेतला. माझं चुकलं, मला माफ कर."

"मला म्हाईत हाय," बाई म्हणाली.

बायकोला कळेना. "काय माहीत आहे?"

"काकांनीच तोडला त्यो. टेबल पुसताना कड्या घावल्या व्हत्या मला. तुमी इचारलं, त्याच दिशी समजलं." ती आवाज न चढवता बोलत होती. "मला वाटलं, काका सांगतील. बाकीची घरं सुटली तरी तुमच्याकडं चार दिस आले मी कामाला. रोज वाटायचं, आज सांगतील. मग समजलं, नाय सांगनार. मग नाय आले."

"अगं, मग तू का नाही सांगितलंस मला?"

"मी सांगितलं असतं तर तुमाला पटलं असतं, ताई?"

 मी मातीकडे बघत होतो. तुरीच्या शेंगा फुटून दाणे सगळीकडे उडाले होते. मला त्या चार दिवसांची एकही गोष्ट आठवेना. ती आली, तिने माझं टेबल पुसलं, माझ्या खुर्चीभोवतीची फरशी पुसली, आणि मी पाय वर घेऊन बसलो असणार, नेहमीसारखा.

बायकोने तिला परत यायला सांगितलं. ती नाही म्हणाली. पलीकडच्या एका फार्महाउसवर झाडझूड मिळाली होती, लांब पडतं, पण चालेल म्हणाली. तिला हवं होतं ते एवढंच, की त्या दोन घरांना खरं सांगावं. वाडीवरच्या आणखी चौघीजणी त्या इमारतीत कामाला आहेत आणि आता त्यांच्याही पिशव्या बघतात, असं ती म्हणाली. बायको त्याच दुपारी दोन्ही घरी जाऊन सांगून आली. मी बरोबर होतो. दोन्हीकडे लोक हसले. काका म्हणजे काका, म्हणाले. चहा दिला. माझी चूक गमतीची ठरली. बाईला मात्र कुणी परत बोलावलं नाही.

पण मला सांगायचंय ते त्या अंगणातलं. आम्ही निघणार तेवढ्यात बाईने बायकोला विचारलं, "ताई, एक इचारू? काकांनी आपसुक सांगितलं, का तुमालाच दिसलं?"

माझी बायको खोटं बोलत नाही. चाळीस वर्षांत मी तिला कुणाशी, अगदी दारावर आलेल्या माणसाशीसुद्धा, खोटं बोलताना ऐकलेलं नाही. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"त्यांनीच सांगितलं," ती म्हणाली.

बाईचा चेहरा सैल झाला. "बरं झालं," ती म्हणाली. आत गेली, तांब्या भरून आणला आणि पहिल्यांदा माझ्या पुढे धरला. "पानी घ्या, काका. उनातनं आलाव."

तोंड उघडायला मला कुणी अडवलं नव्हतं. मी तांब्या घेतला आणि पाणी प्यालो.